एका भोकाची दोन कामं

माझ्या मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कविषयी, म्हणजे पुढचं चाक धरून दणके झेलणाऱ्या दोन पायांविषयी, माझ्या दोन तक्रारी होत्या. पहिली अशी की पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की गाडी नाक खुपसायची. फोर्क जवळजवळ तळाला जायचा आणि ऐन वळणाच्या तोंडाशी अंगाचा सगळा भार मनगटांवर यायचा. दुसरी अशी की काँक्रीटच्या रस्त्याचा सांधा किंवा खड्ड्याची धारदार कड आली की हँडलमध्ये असा दणका बसायचा, जणू पुढे फोर्क नसून पहार लावली आहे. मऊ म्हणावं तर दणके का बसतात, आणि कडक म्हणावं तर ब्रेकला लोळण का घेतो? ज्याला सांगावं तो म्हणायचा, "आधी नक्की काय होतंय ते एक ठरव."

तीन वर्षं मी यावर एकच औषध करत होतो, ते म्हणजे ऑइल बदलणं. आधी १० डब्ल्यूचं (हा ऑइलच्या जाडीचा आकडा) काढून २० डब्ल्यू घातलं. नाक खुपसणं थोडं कमी झालं, पण सांध्यांवर दातावर दात आपटायला लागले. मग पुन्हा १० डब्ल्यू. दणके थोडे कमी, नाक पुन्हा जमिनीला. मग दोन्ही मिसळून १५ केलं. त्यात दोन्ही तक्रारी अर्ध्या अर्ध्या शिल्लक राहिल्या. डब्ल्यूच्या आकड्यावर फार विसंबायचं नसतं हे तर मला तेव्हा माहीतच नव्हतं. दोन कंपन्यांची १० डब्ल्यू ऑइलं जाडीला बऱ्यापैकी वेगळी निघू शकतात. डब्याच्या मागे ४० अंश सेल्सियसला किती सेंटीस्टोक (जाडीचं माप) लिहिलंय, तो आकडा खरा.

ऑइलने हे का सुटत नव्हतं, ते फोर्कच्या पोटात काय असतं ते कळल्यावर उमगलं. माझ्या गाडीचा फोर्क साधा डँपिंग रॉडचा. डँपिंग म्हणजे फोर्कच्या हालचालीला ऑइलने घातलेला लगाम. वरून आलेला ४१ मिलिमीटरचा चकचकीत पाइप खालच्या ॲल्युमिनियमच्या नळीत, म्हणजे बॉटमात, सरकतो. बॉटमाच्या तळाला एका ॲलन बोल्टने धरलेला पोकळ रॉड उभा असतो. त्या रॉडच्या वरच्या टोकाशी एक-दोन बारीक भोकं असतात आणि खालच्या टोकाशी जरा मोठी. चाक वर आलं की तळातलं ऑइल खालच्या भोकांतून रॉडच्या आत शिरतं आणि वर जातं. हे कंप्रेशन. चाक खाली जाताना रॉडचं डोकं आणि पाइपाचा तळ यांच्यामध्ये कोंडलेलं ऑइल वरच्या बारीक भोकांतून पिळून निघतं. हे रिबाउंड. बस्स, एवढंच. ना व्हॉल्व्ह, ना शिमच्या पातळ चकत्या. १९३५ साली बीएमडब्ल्यूने आर १२ या गाडीवर ऑइलचं डँपिंग असलेला टेलिस्कोपिक फोर्क बाजारात आणला. तेव्हापासून भोकातून ऑइल पिळायची ही कल्पना चालत आली आहे, आणि स्वस्त, टिकाऊ, बिघडायला फारसं काही नसलेली म्हणून आजही लाखो गाड्यांत आहे. तिला नावं ठेवायला मला जीभ रेटत नाही.

पण भोकाचा एक स्वभाव असतो. ठरावीक मापाच्या भोकातून ऑइल ढकलायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट, वेग चौपट झाला तर जोर सोळापट. ब्रेक दाबल्यावर फोर्क तसा सावकाश बसतो, सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर. त्या वेगाला भोक म्हणजे सताड उघडा दरवाजा. ऑइल अडतच नाही. खड्ड्याच्या कडेवर मात्र चाक सेकंदाला मीटरभर किंवा त्याहून जास्त वेगाने वर फेकलं जातं. तेव्हा त्याच दरवाज्यात अख्खी जत्रा एकदम घुसायला बघते आणि तुंबते. फोर्क क्षणभर आखडतो, दणका थेट हँडलला. म्हणजे माझ्या दोन्ही तक्रारी एकाच भोकाच्या होत्या. भोक लहान केलं किंवा ऑइल जाड केलं तर एक सुधारणार, दुसरी बिघडणार. शिवाय ऑइल बदललं की रिबाउंडही बदलतं, कारण तिथेही तेच ऑइल. तीन वर्षं मी एका नळाने गार आणि गरम दोन्ही पाणी जुळवायला बघत होतो.

उपाय तीन दिसत होते. दुसऱ्या गाडीचा कार्ट्रिज फोर्क, म्हणजे आत भोकांऐवजी व्हॉल्व्ह असलेला, अख्खा आणून बसवायचा. त्यासाठी चाक, ब्रेक, टी (फोर्कचे दोन्ही पाय धरणारा तुकडा), सगळ्याचीच उसाभर. आपल्याच पाइपात बसेल असा तयार कार्ट्रिज संच टाकायचा. तो सगळ्यांत चांगला, पण माझ्या जुन्या गाडीच्या मापाचा मिळेना. तिसरा उपाय एम्युलेटर. आवळ्याएवढा एक व्हॉल्व्ह, जो डँपिंग रॉडच्या डोक्यावर नुसता ठेवायचा आणि मुख्य स्प्रिंगने दाबून धरायचा. रेस टेक कंपनीचा गोल्ड व्हॉल्व्ह हा यातला सगळ्यांत जुना-जाणता, आणि आता इतरही करतात. आत एक पातळ चकती एका छोट्या स्प्रिंगने दाबून धरलेली असते. चकतीला बारीक ब्लीड भोकं असतात. फोर्क सावकाश बसतो तेव्हा ऑइलला फक्त ती बारीक भोकं मिळतात, म्हणून ब्रेकला आधार येतो. दणका आला की दाब वाढतो, चकती स्प्रिंगला न जुमानता उचलली जाते आणि ऑइलला वाट मोकळी होते. जत्रा आली की दरवाजाच रुंद होतो. रिबाउंडच्या वेळी दुसरी एक हलकी चकती उघडते आणि हा व्हॉल्व्ह मध्ये येत नाही. रिबाउंड पूर्वीसारखंच रॉडच्या वरच्या भोकांवर आणि ऑइलच्या जाडीवर राहतं. आता ऑइल एकाच कामासाठी निवडायचं होतं, हा मला खरा फायदा वाटला.

यात एक ग्यानबाची मेख आहे. एम्युलेटरला काम करू द्यायचं तर खालची जुनी भोकं आडवी येता कामा नयेत. म्हणजे ती मोठी करायची आणि नवी पाडायची. निदान सहा भोकं, ८ मिलिमीटरची. माझ्या रॉडला ५ मिलिमीटरची दोन होती. हिशेब केला तर दोघांचं मिळून क्षेत्रफळ ३९ चौरस मिलिमीटर. आणि सहा भोकांचं झालं ३०२. जवळजवळ आठपट. एकदा हे केलं की परत फिरणं नाही, कारण एम्युलेटर काढला तर त्या रॉडवर कंप्रेशन डँपिंग जवळपास शून्य.

त्याच वेळी स्प्रिंगाही बदलायचं ठरवलं. कारण आधी सॅग मोजला होता आणि आकडा लाज वाटावी असा होता. सॅग म्हणजे आपण बसल्यावर फोर्क किती खाली बसतो ते. मोजायची रीत अशी. चाक हवेत उचलून पाइपाचा उघडा भाग मोजायचा, तो पहिला आकडा. मग गाडीवर बसायचं, दुसऱ्याने पुढचा भाग जरा उचलून हळूच सोडायचा आणि मोजायचं; पुन्हा जरा दाबून हळूच सोडायचा आणि मोजायचं. या दोन मापांची सरासरी पहिल्या मापातून वजा केली की सॅग. ही सरासरी का, तर फोर्कमध्ये घर्षण असतं. वरून आलेला फोर्क जरा वर थांबतो, खालून आलेला जरा खाली. त्या दोन मापांतला फरक म्हणजे घर्षण किती त्याचा पुरावा. ही गोष्ट मी तेव्हा वहीत लिहिली आणि पुढे साफ विसरलो, ते येईलच. माझ्या फोर्कची एकूण चाल १२० मिलिमीटर, आणि सॅग आला ५१. रस्त्यावरच्या गाडीला चालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, म्हणजे ३० ते ४०, असावा. माझं वजन ८२ किलो. मूळ स्प्रिंग ०.७० किलो प्रति मिलिमीटरची होती, म्हणजे माझ्यापेक्षा बऱ्याच हलक्या माणसाला शोभेल अशी. ०.९० ची जोडी घेतली. खरं सांगायचं तर कुणाला एकच गोष्ट करायची असेल तर मी आधी स्प्रिंग म्हणेन. नाक खुपसणं अर्धंअधिक तिथेच सुटतं. व्हॉल्व्हचं नाव मोठं, पण चुकीच्या स्प्रिंगवर व्हॉल्व्ह म्हणजे मोडक्या खाटेवर नवी गादी.

फोर्क काढताना दोन कामं गाडी उभी असतानाच करायची असतात, आणि ती मी यावेळी तरी विसरलो नाही. वरच्या टीचे बोल्ट सैल करून पाइपाच्या टोप्या आधीच थोड्या फिरवून ठेवायच्या. फोर्क हातात आल्यावर त्या गोल पाइपाला धरायचं कसं आणि टोपी फिरवायची कशी? आणि तळाचे ॲलन बोल्ट स्प्रिंग आत असतानाच ढिले करायचे. स्प्रिंगच रॉडला दाबून धरते, म्हणून रॉड बोल्टबरोबर फिरत नाही. डावीकडचा बोल्ट मुकाट्याने निघाला. उजवीकडचा रॉडसकट गरगर फिरायला लागला. बोल्टच्या तोंडाशी माती बसून ॲलन कीसुद्धा नीट शिरत नव्हती. दाभणाने ती कोरून काढली. मग फोर्क पट्ट्याने दाबून धरला म्हणजे स्प्रिंगचा दाब वाढला, आणि इम्पॅक्ट गनचा एकच झटका दिला. सुटला. हे लिहायला दोन ओळी लागल्या, करायला दुपार गेली.

आतलं ऑइल राखाडी होतं आणि त्याला सडक्या मासळीचा वास येत होता. वर्षभरापूर्वीच घातलेलं! पाइप बॉटमातून काढायला सरकहातोड्यासारखे झटके द्यावे लागतात: डस्ट सील काढायचं, त्याखालची तारेची लॉक रिंग काढायची, आणि मग पाइप आत-बाहेर जोरात ओढायचा. पाच-सहा झटक्यांत ऑइल सील आणि बुश (पाइप ज्यावर सरकतो तं कडं) एकदम बाहेर येतात. बुशचा करडा थर एका बाजूने घासून खालचा तांब्याचा रंग दिसत होता. बुश, सील, तळाचे तांब्याचे वॉशर, सगळं नवीन टाकायचं ठरवलं. इतकं उघडल्यावर जुनं सील परत बसवणं म्हणजे काही महिन्यांनी हेच सगळं पुन्हा करायची तयारी.

ड्रिलिंगला धाकट्या भावाला बोलावलं. तो लेथवर काम करतो, त्याचा हात सरळ आणि तोंड फटकळ. रॉड हातात घेऊन त्याने आधी फिरवून बघितला, मग म्हणाला, "दादा, मोजून आणलंयस ना? भोक पाडता येतं, बुजवता येत नाही." मी कागद दाखवला. त्याने मलाच प्रश्न टाकला: "रॉडच्या आतलं बोअर बारा मिलिमीटर. म्हणजे ११३ चौरस. मग बाहेरून ३०२ ची भोकं पाडून काय उपयोग? वाट तर आतच अरुंद आहे."

प्रश्न बरोबर होता. उत्तर असं की भोकांनी कुठल्याही क्षणी अडथळा होऊ नये, एवढंच त्यांचं काम. चाक वर येतं तसतसा पाइपाचा तळ रॉडवरून खाली सरकतो आणि या सहांतली वरची भोकं एकेक करून झाकली जातात. ती झाकली गेली तरी खालची पुरली पाहिजेत. पण फार खालीही जाऊन चालत नाही. रॉडच्या बुडाशी ऑइल लॉक नावाचा शंकूसारखा तुकडा असतो. फोर्क अगदी तळाला जायला आला की पाइपाचा तळ त्या तुकड्यावर बसतो, ऑइल कोंडतं आणि धातूवर धातू आपटत नाही. भोकं त्या पट्ट्यात गेली तर हा शेवटचा आधार गेला. म्हणून मी ऑइल लॉक रॉडवर बसवून त्याच्या कडेवर मार्करने रेघ मारली होती आणि तिच्या खाली ड्रिल न्यायचं नाही असं ठरवलं होतं. भावाने ती रेघ पुसली जाऊ नये म्हणून खिळ्याने ओरखडा काढला. अशी अक्कल कागदावर येत नाही.

सेंटर पंच मारला, आधी ४ चं, मग ६ चं, मग ८ चं ड्रिल. आरपार पाडलं की एका वेळी समोरासमोरची दोन भोकं होतात. अशा तीन जोड्या, प्रत्येक जोडी आधीच्या जोडीशी काटकोनात आणि १० मिलिमीटर अंतर सोडून, म्हणजे रॉड एकाच ठिकाणी कमकुवत होत नाही. दोन्ही रॉड झाल्यावर त्याने तिसऱ्यांदा ड्रिल उचललं. "वरची पण मोठी करून टाकू का? लागलोच आहे तर."

मी जवळजवळ ओरडलोच. वरची भोकं रिबाउंडची. ती मोठी झाली असती तर फोर्क दाबून सोडल्यावर घोड्यासारखा उसळला असता, आणि मग ग्रीससारखं ऑइल घातलं असतं तरी आवरला नसता. "बरं बरं, नाही करत. रॉड तुझा," तो म्हणाला आणि ड्रिल खाली ठेवलं.

भोकांच्या कडेला आतून उभे राहिलेले काटे काढणं हे सगळ्यांत कंटाळवाणं काम. बाहेरून गोल कानस फिरते, आतून फिरत नाही. एका काडीला पॉलिश पेपर गुंडाळून आतून फिरवला, केरोसीनने धुतलं, हवा मारली, उजेडाला धरून बघितलं, पुन्हा धुतलं. तासाभराने मला रॉड आरशासारखा स्वच्छ वाटायला लागला.

जुळणी उलट क्रमाने. रॉड आत, ऑइल लॉक त्याच्या बुडाशी, बोल्टला मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद) आणि नवा वॉशर. आवळताना पुन्हा रॉड फिरायची भीती, म्हणून स्प्रिंग तात्पुरती आत टाकून टोपी लावून घेतली. बोल्टचा टॉर्क गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तो बघूनच आवळायचा. बॉटम ॲल्युमिनियमचा, आणि आटे गेले तर ते दुःख फार मोठं. सील बसवायला मापाचा प्लास्टिक पाइप पुरला. पाइपाच्या वरच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी ओढून सील तिच्यावरून सरकवायचं, म्हणजे धारेने सीलची कड कापली जात नाही.

एम्युलेटर मी बाहेरच जुळवले. दोन्हीत मधली, जरा कडक स्प्रिंग, आणि तिला २ फेरे प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणं. फेरे मोजायचे ते स्प्रिंग चकतीला नुसती टेकली त्या क्षणापासून. तो क्षण नीट पकडला नाही तर डावा आणि उजवा सारखे होत नाहीत. मी दोनदा मोजलं. लॉकनटला थ्रेडलॉक लावलं, कारण तो आत सुटला तर बाहेरून कळायचा काहीच मार्ग नाही. ऑइल १५ डब्ल्यूचं घेतलं, फक्त रिबाउंडचा विचार करून: स्प्रिंग कडक झाली म्हणजे ती परत उसळी मारतानाही जास्त जोराने मारणार, तिला धरायला जरा जाड ऑइल हवं. ऑइल ओतून फोर्क सावकाश वर-खाली करत राहिलो, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग एम्युलेटर पाइपातून खाली सोडला आणि लांब काडीने तो रॉडच्या डोक्यावर सपाट बसलाय की तिरका ते चाचपलं. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत वरच्या कडेपासून ऑइलपर्यंत १४० मिलिमीटर ठेवलं. हे अंतर म्हणजे हवेची पोकळी, आणि ती हवा स्वतःच एक स्प्रिंग असते. ऑइल १० मिलिमीटर वर घेतलं तर चालीचा शेवटचा भाग चांगलाच कडक होतो.

स्पेसर (मुख्य स्प्रिंगवर बसणारी नळी) कापताना एम्युलेटरची जाडी वजा करायची असते. ती वजा केली नाही तर तेवढ्या मिलिमीटरचा जास्तीचा प्रीलोड फुकटात पदरात पडतो. मी वजा केली. सगळं जुळवून सॅग मोजला, ३७. स्वतःवर इतका खूश होतो की दोन मापांतला फरक बघितलाच नाही.

पहिल्या फेरीला निघालो. ब्रेक दाबला, आणि गाडी नाक न खुपसता जरा वाकून उभी राहिली. वा! पुढचा काँक्रीटचा सांधा आला, आणि दणका. पूर्वीइतकाच. कदाचित थोडा जास्त.

घरी येईपर्यंत मी व्हॉल्व्हला, तो बनवणाऱ्याला आणि मला हे सुचवणाऱ्या प्रत्येकाला मनात शिव्या देऊन झालो होतो. प्रीलोड जास्त आहे, हे उघडच होतं. टोपी काढली, स्पेसर आणि स्प्रिंग काढली, तारेचा आकडा करून एम्युलेटर बाहेर काढला. फेरे २ वरून दीड केले. फेरी मारली. दणका तसाच, आणि ब्रेकचा आधार मात्र कमी. पुन्हा काढला. हलकी स्प्रिंग टाकली. नाक खुपसायला लागली, दणका तरीही शिल्लक. तिसऱ्यांदा काढून चकतीला आणखी एक ब्लीड भोक पाडायच्या बेतात होतो, तेव्हा भाऊ सहज आला होता. त्याने हँडल धरून फोर्क दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"दादा, हा अडकतोय."

"अडकत नाही, डँपिंग आहे ते."

"डँपिंग सावकाश दाबताना लागतं का? मी मुंगीच्या पावलाने दाबतोय. आधी अडतो, मग एकदम सुटतो."

वही काढली. सॅगची दोन मापं: उचलून सोडल्यावरचं आणि दाबून सोडल्यावरचं. फरक १९ मिलिमीटर. फोर्क उघडण्याआधी, झिजलेल्या बुशवर, तो ११ होता. नवीन बुश, नवीन सील, आणि घर्षण जवळजवळ पावणेदोनपट! आकडा माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होता आणि मी तो दोनदा व्हॉल्व्ह काढण्याआधी वाचला नव्हता.

कारण चाकात सापडलं. चाक बसवताना मी ॲक्सल आवळला आणि लगोलग खालचा पिंच बोल्टही (ॲक्सल उजव्या बॉटमात दाबून धरणारा) आवळून टाकला होता. त्यामुळे उजवा बॉटम ॲक्सलवर जिथे होता तिथेच पकडला गेला, डाव्याशी समांतर व्हायची संधीच त्याला मिळाली नाही. दोन पाय तळाशी किंचित फाकलेले किंवा जवळ ओढलेले; पाइप बुशमध्ये तिरके घासत होते. बारीक दणक्याला फोर्क हलायच्या आधीच अडत होता, आणि तो धक्का मी कंप्रेशन डँपिंगच्या नावावर खपवत होतो. व्हॉल्व्ह बिचारा उघडायला तयार होता, त्याच्यापर्यंत निरोपच पोचत नव्हता.

दुरुस्ती दहा मिनिटांची. पिंच बोल्ट सैल केला, गाडी स्टँडवरून उतरवली, पुढचा ब्रेक धरून फोर्क आठ-दहा वेळा जोरात दाबला. उजवा पाय ॲक्सलवर स्वतःच सरकून आपल्या जागी आला. सरकताना दिसलासुद्धा, दीड-दोन मिलिमीटर. मग पिंच बोल्ट आवळला. पुन्हा मापं घेतली: फरक ७. सॅगही ३७ चा ३६ झाला.

आता दीडच्या फेऱ्यांना आणि हलक्या स्प्रिंगला काही अर्थ उरला नव्हता. पुन्हा मूळची कडक स्प्रिंग, २ फेरे. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गेलो. सांधे लागत होते, कळत होते, पण दणका नव्हता. धप्प असा आवाज खालून येत होता आणि हात शांत होते. पहिल्या दोन-तीन सांध्यांवर मी सवयीने कोपर वाकवून तयारच बसलो होतो, आणि काहीच आलं नाही. ब्रेकला मात्र मला आणखी थोडा आधार हवा होता. म्हणून एकदा, आणि शेवटचं, उघडून २ चे अडीच केले. अडीचवर खडबडीत रस्त्याला जरा कुरकुर जाणवते. २ वर आरामशीर आहे. अजून माझं मन या दोन्हींत झुलतं. सध्या सव्वादोनवर तह झाला आहे. हँडलजवळच्या नॉबने हे बदलता आलं असतं तर बरं, पण एम्युलेटरमध्ये ती सोय नाही. प्रत्येक वेळी टोपी, स्पेसर, स्प्रिंग, तारेचा आकडा. नीट केलं तर अर्धा तास, घाईत केलं तर तास.

पाइपाला एक झिप टाय बांधून ठेवला आहे. फोर्क जास्तीत जास्त किती खाली गेला ते तो दाखवतो. पूर्वी जोरात ब्रेक लावला की तो जवळपास तळाला जाऊन बसायचा. आता त्याच ब्रेकला तळापासून २५ मिलिमीटर वर थांबतो. वाईट खड्ड्यात एकदा १२ वर गेला. म्हणजे चाल वापरली जाते आहे आणि वाचतेही आहे.

हजारेक किलोमीटर झाल्यावर ऑइल बदललं. इतक्या लवकर गरज नव्हती, पण आत काय चाललंय ते बघायची खाज होती. माझ्या फोर्कला खाली ड्रेनचा स्क्रू नाही, उलटा करूनच ओतावं लागतं. पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात धरलं. ऑइलचा रंग ठीक होता, पण भांडं हलवलं की तळाशी चांदीसारखी बारीक चमक फिरत होती. आरशासारख्या स्वच्छ वाटलेल्या त्या रॉडमधली. एम्युलेटर काढून बघितले. चकतीच्या बैठकीवर एक केसाएवढा ओरखडा, डाव्या बाजूच्या. फेरे अजून सव्वादोनच, लॉकनट जागच्या जागी. सगळं पुन्हा केरोसीनने धुतलं, नवीन ऑइल, १४० मिलिमीटर. पिंच बोल्ट आवळायच्या आधी फोर्क आठ-दहा वेळा दाबून घेतला. भाऊ शेजारी उभा होता, तो काही बोलला नाही, फक्त मोजत होता.